नंबर जुळतो

जुलैच्या पहिल्या शनिवारी पुरुषोत्तमकाकांनी आपली बुलेट स्वतःच्या हातानं ऋजुताच्या दारात आणून उभी केली. ज्या इंजिनापर्यंत पोचायचं कसं याचा ती चार महिने विचार करत होती, ते इंजिन धडधडत आपणहून चालत आलं होतं.

"पाच आठवडे सांभाळ गं हिला," काका हेल्मेट काढत म्हणाले. "आम्ही पुण्याला निघालो, आणि गॅरेजात बिल्डर घुसलेत. तुझ्या काकूला तिथं जिम पाहिजे. माझे गुडघे वंगण मागतायत आणि ही ट्रेडमिल मागतेय."

मागून गाडी घेऊन आलेल्या उल्काकाकूंनी खिडकीतूनच हात केला. "ऐकू नकोस त्यांचं. सहा वर्षं मागतेय."

"ठेवा ना काका. बाबांच्या गाडीशेजारी जागा आहे."

"तेच म्हटलं मी उल्काला. माध्याच्या गाडीला सोबत होईल." त्यांनी गॅरेजातल्या माध्याच्या काळ्या बुलेटच्या टाकीवर हात ठेवला. "माध्या गेला आणि गाडी चालवण्यात राम उरला नाही बघ. दसऱ्याला मंडळात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करू. माधव स्मृती राइड. नारळ तू फोडायचास. काय?"

"फोडीन की."

त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या मराठी घरांत ही रीतच होती. भारतात जायचं तर किल्ली कुणाकडे तरी ठेवायची. ज्याच्याकडे किल्ली तो झाडांना पाणी घालायचा, दारात पडलेली पत्रं उचलायचा, बॉयलर रुसला तर माणूस बोलवायचा. देताना कुणी अटी घालत नसे, परत घेताना कुणी चौकशी करत नसे. बाबांची किल्ली तीस वर्षं काकांकडे असायची आणि काकांची बाबांकडे. त्याच किल्लीनं गॅरेज उघडून काकांनी एकदा बाबांची गाडी बाहेर काढली होती.

ऋजुतानं मूठ मिटली आणि चहाचं विचारलं. काकांनी दोन कप चहा घेतला, वर चिवडाही खाल्ला.

दोन्ही गाड्या चौऱ्याऐंशी सालच्या. पुण्यात एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात घेतलेल्या. बाबांची काळी, काकांची हिरवी. दोघं मित्र इंग्लंडला आले, बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आणि काका इंजिनिअर म्हणून, आणि जरा स्थिर झाल्यावर त्यांनी दोन्ही गाड्या एकाच कंटेनरमध्ये घालून इकडे आणल्या. एका सिलिंडरची जुनी इंजिनं. त्यांचा ठोका इतका सुटा, की रस्त्याच्या कोपऱ्यावरून मोजता यावा.

काका गाडी पुसायचे. बाबा गाडी ऐकायचे. चाळीस वर्षं त्यांनी झोपलेल्या माणसांचे श्वास ऐकले होते. मॉनिटरनं सांगायच्या आधी त्यांना कळायचं, असं थिएटरमधल्या नर्स म्हणायच्या. रविवारी सकाळी गाडी सुरू करून ते शेजारच्या स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे, आणि मग हलक्या हातानं एखादा स्क्रू पाव वळसा फिरवायचे. वहीत तारीख घालून लिहायचे. आपलं इंजिन त्यांनी दोनदा पूर्ण खोलून बांधलं होतं आणि त्यातला प्रत्येक नट त्यांच्या ओळखीचा होता.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ते हॉस्पिटलात असताना काका म्हणाले, "तू पडून राहा. किल्ली आहे माझ्याकडे. तुझ्या क्लचच्या प्लेटा बदलून ठेवतो." ऑगस्टमध्ये गाडी परत आली. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा बाबा पहिल्यांदा जवळच्या मार्लो गावापर्यंत जाऊन आले, गाडी बंद केली आणि केंब्रिजला ऋजुताला फोन लावला.

"ऋजू, हे माझं इंजिन नाही."

"बाबा, क्लच बदललाय. वेगळं वाटणारच."

"क्लचचा आवाज मला कळत नाही का? हा खालून येतोय, रॉडच्या बुडातून. माझ्या इंजिनाला हे दुखणं नव्हतं. पुढच्या वेळी आलीस की टॉर्च घेऊन नंबर बघ. डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी कोरलेला असतो. मला वाकायची बंदी आहे."

गणपतीत त्यांनी हेच काकांना विचारलं, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. काकांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला. "माध्या, इंजिन तेच आहे रे. कान बदलायची वेळ झाली तुझ्या." चाळीसएक माणसं हसली. ऋजुताही हसली. पुढे मंडळात तो विनोदच होऊन बसला. कुणीही यावं आणि म्हणावं, "काय डॉक्टर, इंजिन सापडलं का?" बाबा पहिल्यांदा हसायचे. मग नुसते बघायचे.

नंबर बघ असं ते तिला तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तो ऑक्टोबरचा रविवार होता. सोमवारी तिला प्रुफं द्यायची होती. केंब्रिजच्या एका प्रकाशनात ती पोटासाठी हेच काम करत असे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले आकडे, सनावळ्या, पानांचे क्रमांक मूळ कागदाशी ताडून बघायचे. अठरा वर्षांत न बघता तिनं कशावरही बरोबरची खूण केली नव्हती. त्या दिवशी ती गॅरेजात गेली, ऑफिसचा मेल आला म्हणून उभ्या उभ्या त्याला उत्तर लिहिलं, आणि परत येऊन म्हणाली,

"पाहिला बाबा. नंबर जुळतो."

"जुळतो?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. आणि जरा वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "बरं."

पंधरा दिवसांनी त्यांनी आपणहून मेमरी क्लिनिकची वेळ घ्यायला सांगितली. तिथल्या डॉक्टरांना विशेष काही सापडलं नाही, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. पण बाबांचा निकाल लागून गेला होता. त्यांनी लायसन्स पाकिटात घालून परत पाठवून दिलं. गॅस बंद केला का हे ते दोन-दोनदा विचारू लागले. रेडिओ लावला तर "हे तूही ऐकतेयस ना?" असं विचारायचे. गॅरेजात जायचे थांबले. सव्वा वर्ष असं काढून ते या जानेवारीत झोपेत गेले. झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकणारं तेव्हा घरात कुणी नव्हतं.

मार्चमध्ये ती बाबांच्या घरी राहायला आली आणि गाडीचं काय करायचं म्हणून तिनं शशीभाईंना बोलावलं. वेम्बलीत त्यांचं छोटं गॅरेज होतं. नैरोबीहून आलेलं गुजराती घर, पण बाबांशी बोलून बोलून मराठी समजायचं. ते गाडीपाशी मांडी घालून बसले, टॉर्च लावली, गाडीच्या नोंदणीचं लॉगबुक मागितलं, आणि एकदा कागदाकडे, एकदा गाडीकडे असं बराच वेळ बघत राहिले.

"बेन, हा कागद या इंजिनचा नाही."

"म्हणजे?"

"फ्रेम डॉक्टरसाहबची. इंजिन किसी और का." त्यांनी एक झाकण उघडून आत बघितलं, किक मारली, कान लावला. "और बिमार भी है. साहब को मालूम नहीं पड़ा?"

"कळलं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात ती काकूंचा डबा परत द्यायला गेली. हिरवी बुलेट पोर्चमध्ये उभी होती. तिनं गाडीपाशी बुटाची नाडी बांधायला घेतली आणि फोनवर एक फोटो काढला. ४७०९३१. बाबांच्या लॉगबुकातला नंबर. आतून काकांची हाक आली, "ऋजू, थालीपीठ खाऊन जा!" ती गेली आणि खाऊन आली. त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरं काही उरलं नाही.

"पुलिस में क्यूँ नहीं जाते?" शशीभाईंनी विचारलं. जुलैचा दुसरा आठवडा होता, गॅरेजचं दार खाली ओढलेलं होतं आणि दोन्ही बुलेट टाक्या उतरवून उघड्या उभ्या होत्या.

"पोलीस इंजिन देतील, शशीभाई. तेवढ्यानं भागत नाही."

"तो और क्या चाहिए?"

"माझ्या बापाला ज्यांनी वेडं ठरवलं, त्यांना एकदा त्या खुर्चीत बसवायचंय."

शशीभाईंनी पाना उचलला.

बाबांच्या वहीत सगळं होतं, क्रमवार, पेशंटच्या कागदासारखं नीट. आधी टाकी, मग कार्बोरेटर, सायलेन्सर. मग डाव्या बाजूचं चेनचं झाकण, आतली चेन, क्लच. कुठली वायर कुठे जाते याचं चित्र. काढलेला प्रत्येक नट ऋजुता बाबांनी हॉस्पिटलातून आणलेल्या किडनी ट्रेमध्ये ठेवत गेली आणि पट्टीवर नाव लिहून चिकटवत गेली. तिचं कामच ते. शेवटी फ्रेमला धरून ठेवणारे लांब बोल्ट निघाले आणि भाड्यानं आणलेल्या क्रेनला लटकून इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर आलं, थोडं डुलत. दोन दिवसांत दोन्ही इंजिनं बाकावर शेजारी शेजारी आली. जुळ्या भावांसारखी दिसत होती.

काकांच्या आजारी इंजिनाचं खालचं बेअरिंग शशीभाईंनी हातानं हलवून पाहिलं. "पाचशे-सातशे मैल चलेगा. मैं ठीक कर दूँ? दो दिन का काम है."

"नको. जसं आलं तसं परत जाऊ दे." मग तिनं थांबून विचारलं, "चालवणाऱ्याला धोका नाही ना?"

"अभी तो सिर्फ़ बोलता है. पहले बहुत बोलेगा, फिर बैठ जाएगा."

"मग बोलू दे."

काकांनी बाबांच्या इंजिनाला आपली क्रोमची चकचकीत झाकणं लावली होती. ऋजुतानं ती काढली आणि आजारी इंजिनावर चढवली. काकांच्या इंजिनावरची धूळ पुसून त्याला पॉलिश केलं, इतकं की स्वतः काकांनीही शाबासकी दिली असती. प्रत्येक पृष्ठभाग तिनं आधी काढून ठेवलेल्या फोटोंशी ताडून पाहिला. इतक्या मन लावून तिनं कुठल्या पुस्तकाचंही काम केलं नव्हतं. बाबांचा एक नंबर बघायला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांची भरपाई ती आता दिवसच्या दिवस करत होती, आणि प्रत्येक नट आवळताना पुरुषोत्तमकाकांचं हसणं तिच्या डोळ्यांसमोर होतं.

बाबांचं इंजिन काळ्या फ्रेममध्ये बसलं, तेव्हा तिनं वहीत बघून किक मारली. ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डाव्या हाताची छोटी कळ दाबून किक जरा खाली सरकवायची, कळ सोडायची, आणि मग पूर्ण वजन टाकायचं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

शशीभाईंनी डोळे मिटले. "हाँ," ते म्हणाले. "ये हुआ साहब का इंजिन. सुना?"

ऋजुतानं कान दिला. पुन्हा दिला. मग हिरव्या गाडीचं इंजिन सुरू करून ऐकलं, मग परत काळीचं. तिला दोन्ही ठोके सारखेच वाटले. तिला फक्त नंबर वाचता येत होता.

बिल्डरांच्या पाच आठवड्यांचे बारा झाले. काका पुण्याहून ऑगस्टमध्ये परत आले, पण गॅरेजात अजून सिमेंटच्या गोणी होत्या. "राहू दे गं तुझ्याकडेच दसऱ्यापर्यंत," ते म्हणाले. दसऱ्याच्या शनिवारी शशीभाईंनी दोन्ही गाड्या व्हॅनमधून मंडळाच्या कार्यक्रमाला आणल्या.

शाळेच्या कारपार्कमध्ये झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, एकेका चाकाखाली लिंबू. कौन्सिलनं माईकला परवानगी दिली नव्हती म्हणून मंडळाचा सेक्रेटरी स्वानंद ओरडून बोलत होता. "मंडळी, या बाजूला! पार्किंगच्या पिवळ्या रेषेच्या आत! आजची राइड आपल्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ. काका, होऊन जाऊ दे!"

काकांनी केशरी फेटा बांधला होता. त्यांनी हिरव्या गाडीला हळदकुंकू लावलं, गर्दीला हात केला आणि किक मारली.

गाडी सुरू झाली. काकांचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी मान कलती केली. थ्रॉटल जरा पिळला, सोडला, पुन्हा पिळला. गाडी बंद केली. पुन्हा किक मारली. पुन्हा मान कलती.

"काय झालं काका?" ऋजुतानं विचारलं. तिच्या हातात नारळ होता.

"आवाज... आवाज वेगळा येतोय." काकांची नजर काळ्या गाडीकडे गेली, तिथून ऋजुताकडे. "हे माझं—"

ते तिथंच थांबले. पुढचा शब्द त्यांना बोलता येणं शक्य नव्हतं, आणि तो त्यांना बोलता येणार नाही हे ऋजुताला मार्चपासून माहीत होतं.

"इंजिन तेच आहे काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कान बदलायची वेळ झाली तुमच्या."

आधी स्वानंद हसला, मग रांगच्या रांग हसली. ज्यांना जुना विनोद आठवत होता ते जास्त हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "डॉक्टरांचं दुखणं काकांना लागलं रे!" उल्काकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. ऋजुतानं नारळ फोडला. तो पहिल्याच फटक्यात दोन सारख्या भकलांत फुटला.

पुढचं सगळं मंडळानंच केलं. तिला बोट उचलावं लागलं नाही. काकांनी गाडी एका मेकॅनिककडे नेली, मग दुसऱ्याकडे. दोघांनी सांगितलं, जुनं इंजिन आहे, झिजलंय, आवाज करणारच. काका म्हणायचे, नाही, उन्हाळ्यात असं नव्हतं. लोक म्हणायचे, होतं हो काका, तुम्हाला आता ऐकू यायला लागलं. कोजागिरीला कुणीतरी दुधाचा पेला हातात देत विचारलंच, "काय काका, इंजिन सापडलं का?" ऋजुता शेजारीच उभी होती. काका नुसते बघत राहिले. ते बघणं तिच्या ओळखीचं होतं, आणि ती ते डोळे भरून पाहत राहिली.

दिवाळीच्या आधी उल्काकाकूंचा फोन आला. "ऋजू, ह्यांचं काहीतरी बिनसलंय गं. जेवत नाहीत नीट. त्या गाडीसमोर स्टूल टाकून बसतात नुसते. काल मला म्हणाले, उल्का, मी आत्ता जे ऐकतोय ते तुलाही ऐकू येतंय का? मला भीती वाटते. तू माधवभाऊजींना कुठं दाखवलं होतंस?"

ऋजुतानं क्लिनिकचा नंबर शोधून दिला. एकेक आकडा नीट बघून दिला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी दोघंही आले. काकू फराळाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, चहा मीच टाकते म्हणाल्या. काका थेट गॅरेजात आले. वजन उतरलं होतं त्यांचं. ते बाबांच्या स्टुलावर बसले आणि काळ्या गाडीकडे बघत म्हणाले,

"कुणी बसवलं?"

"काय कुणी बसवलं?"

"असं करू नकोस, ऋजू." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मंगळवारी अपॉइंटमेंट आहे माझी. उल्का लायसन्सवाल्यांना कळवायचं म्हणतेय. मी दीड महिना स्वतःला सांगतोय, की मला काही झालेलं नाही, ही पोरगी सगळं जाणून आहे. आणि मग वाटतं, नसेल तर? खरंच मला भास होत असला तर? एवढं कर. नंबर वाचून दाखव मला. मला वाकता येत नाही."

याच वाक्यासाठी तिनं ते पंचावन्न किलो लोखंड बाहेर काढून परत बसवलं होतं. ते ऐकताना तिला जे वाटेल असं वाटलं होतं, ते सगळं वाटलं. गोड वाटलं. तिनं ते संपू दिलं नाही.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली.

काकांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या पार टोकाला, लँड्स एंडपर्यंतची राइड होती, मंडळातली सगळी तरुण पोरं मागे येणार, आणि आठवडा राहिलेला असताना त्यांचं इंजिन ठोके द्यायला लागलं. बाबांचं ठणठणीत इंजिन समोरच होतं. एका राइडपुरतं काढलं. बाबा सहा महिने चालवणारच नव्हते. परत बसवणार होते.

"मग का नाही बसवलं?"

"बसवणार होतो गं. गणपतीत त्यानं चारचौघांत विचारलं आणि माझ्या तोंडून ते भलतंच निघून गेलं. तरी ठरवलं होतं, एखाद दिवशी हळूच बदलून टाकू. मग त्याचा फोन आला." काका थांबले. "माफी मागायला."

"कुणी? बाबांनी?"

"रडत होता. म्हणाला, पुरु, मी तुझ्यावर संशय घेतला, मला माफ कर. ऋजूनं स्वतः नंबर पाहिला. ती अशा बाबतीत चुकत नाही, तिचं कामच ते आहे. तेव्हा माझंच डोकं चालत नसणार." काकांनी पहिल्यांदा मान वर केली. "त्यानंतर मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आणि मला वाटलं, तू नंबर पाहिलास, तुला कळलं, आणि तू मला सांभाळून घेतलंस. इतक्या वर्षांच्या दोस्तीसाठी. म्हणून तर गाडी निर्धास्तपणे तुझ्याकडे आणून ठेवली ना मी."

बाहेर शेजाऱ्यांच्या पानं उडवायच्या यंत्राचा आवाज चालू होता. काकांवरचा राग ऋजुताला शोधून पाहावा लागला. तो होता, तसाच होता, काडीचाही कमी झाला नव्हता. फक्त आता तो एकट्या काकांना पुरा होईना.

तिनं टॉर्च घेतली आणि गाडीच्या डाव्या अंगाला गुडघे टेकले. सिमेंट थंड होतं.

"चार," तिनं वाचलं. "सात. शून्य. नऊ. तीन. एक."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

"कसला नंबर?" दारात काकू उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. "आणि हे काय झालं ह्यांना?"

"उल्का, मला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "माध्यालाही काही झालेलं नव्हतं." आणि तीन वाक्यांत त्यांनी बाकीचं सांगून टाकलं.

काकूंनी ट्रे बाकावर ठेवला. एक कप कलंडला, तो त्यांनी सरळ केला नाही. "त्यांना खांदा दिलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "स्मशानातल्या चॅपलमध्ये. पुढचा खांदा." मग त्या स्टुलापासून दोन पावलं मागे सरल्या.

"मंडळाच्या ग्रुपवर लिहा," ऋजुता काकांना म्हणाली.

"अगं, दोनशे माणसं आहेत ग्रुपवर."

"चाळीस हसली होती. बाकीच्यांनी ऐकलं असेल. लिहा. आत्ता, इथं बसून. इंजिनाचा नंबर घालून."

काकूंनीच त्यांच्या खिशातला फोन काढून त्यांच्या हातात दिला. काका एका बोटानं लिहू लागले. मध्ये चष्मा पुसला. मग शेवटी नंबर घातला आणि वरचा मजकूर वाचून दाखवला: "माधवचं म्हणणं खरं होतं. त्याच्या गाडीतलं इंजिन मी काढून माझ्या गाडीला बसवलं होतं. त्याच्या कानांत किंवा डोक्यात शेवटपर्यंत काहीही बिघाड नव्हता. मी त्याला सर्वांसमोर खोटं पाडलं."

"पण मला एक कळत नाही," काकू म्हणाल्या. त्या ऋजुताकडे बघत होत्या. "भाऊजी तर मला म्हणाले होते, तू नंबर पाहिलास म्हणून."

काकांचा अंगठा फोनवर थांबला. "ते राहू दे उल्का," ते घाईनं म्हणाले. "तिला कशाला मध्ये? जे केलं ते मी केलं."

त्यांनी तो दरवाजा तिच्यासाठी उघडा धरला होता. तिनं मान खाली घातली असती तर ते गुपचूप त्यातून तिला जाऊ देणार होते, आणि मग जन्मभर दोघं एकमेकांच्या किल्ल्या सांभाळत राहिले असते.

"नव्हता पाहिला," ऋजुता म्हणाली. "तेही लिहा."

"काय लिहू?"

"मुलीनं नंबर पाहिलाच नव्हता. न बघता जुळतो म्हणून सांगितलं."

काकांनी लिहिलं. अक्षर न् अक्षर दाबत लिहिलं आणि फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, पहिल्या शब्दापासून सावकाश वाचला, आणि नंबरापाशी आल्यावर थांबली. तो तिला पाठ होता. तरी तिनं टॉर्च पुन्हा उचलली, गाडीपाशी गुडघे टेकले आणि लोखंडावरचा एकेक आकडा फोनवरच्या आकड्याशी लावून पाहिला. काकांनी शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते. तिनं ते दुरुस्त केले. मग पाठवला.